संवेदक होता, वाचक नव्हता : अतिसंवाहक संवेदकांमागची इलेक्ट्रॉनिकी

भौतिकशास्त्रातील एखाद्या मोठ्या निरीक्षणाची बातमी येते, तेव्हा दुर्बिणीचे नाव छापून येते, शास्त्रज्ञांची नावे येतात आणि सिद्धांताची थोडीफार चर्चाही होते. पण दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश आकड्यांत कसा बदलला, हे बहुधा कोणी सांगत नाही. खरे तर अनेकदा घोडे तिथेच अडलेले असते. या लेखात आपण अशाच एका अडलेल्या घोड्याची गोष्ट पाहणार आहोत. १९४१ मध्ये एक अत्यंत संवेदनशील संवेदक बनवला गेला. पण त्याचे म्हणणे वाचू शकेल असे विद्युतमंडल नसल्यामुळे तो सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ बाजूलाच पडून राहिला. त्याची सुटका कोणत्या युक्त्यांनी झाली, हे समजायला दहावी ते बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

प्रकाश मोजायचा तो उष्णता म्हणून

प्रकाश मोजण्याची एक सोपी रीत अशी. तो काळ्या पृष्ठभागावर पडू द्यायचा आणि पृष्ठभाग किती तापला ते पाहायचे. अमेरिकन शास्त्रज्ञ लँगली यांनी १८८० च्या सुमारास प्लॅटिनमच्या पातळ पट्टीचा असा एक संवेदक तयार केला व त्याला 'बोलोमीटर' हे नाव दिले. पट्टी तापली की तिचा रोध वाढतो आणि तो बदल व्हीटस्टनच्या सेतूने मोजता येतो.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की साध्या धातूचा रोध तापमानाबरोबर फारच हळू बदलतो. खोलीच्या तापमानाला तापमान १ टक्क्याने वाढले, तर तांब्याचा रोधही साधारण १ टक्क्यानेच वाढतो. दुसरी मर्यादा अशी की खोलीच्या तापमानाला पदार्थाची उष्णताधारकता मोठी असते, त्यामुळे थोड्याशा ऊर्जेने तो तापतच नाही.

दोन्ही अडचणींवरचा उपाय एकच आहे, तो म्हणजे अतिशीत तापमान. नेदरलँड्समधील लायडेन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला आणि १९११ मध्ये त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. सुमारे ४.२ केल्व्हिनला पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा होतो. यालाच आपण अतिसंवाहकता म्हणतो.

पाठ्यपुस्तकातील आलेखात ही घसरण सरळ उभ्या रेषेसारखी दाखवलेली असते. प्रत्यक्षात ती रेषा अगदी किंचित तिरपी असते. पातळ पटलात पूर्ण रोधापासून शून्य रोधापर्यंतचा प्रवास काही मिलिकेल्व्हिनमध्ये होतो. मग संवेदक बरोबर या कड्यावरच उभा करून ठेवला तर? तापमान थोडेसे हलले तरी रोध खूप बदलेल. साध्या धातूत १ टक्क्याला १ टक्का मिळतो, तर या कड्यावर १ टक्क्याला १०० टक्क्यांच्या घरातला बदल मिळू शकतो. म्हणून अशा संवेदकाला 'संक्रमण-कडा संवेदक' म्हणतात. आपण त्याला थोडक्यात कडा-संवेदक म्हणू.

ही कल्पना अमेरिकेतील अँड्रयूज यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली. टँटलमची बारीक तार ३.२ केल्व्हिनच्या आसपास ठेवून त्यांनी अवरक्त किरण टिपले. पुढे १९४९ मध्ये नायोबियम नायट्राइडच्या पट्टीवर आदळणाऱ्या अल्फा कणांच्या नोंदीही त्यांनी घेतल्या. संवेदक तयार होता, तरीही तो प्रचारात आला नाही.

कड्यावर टिकायचे कसे?

पहिली अडचण कड्याचीच होती. काही मिलिकेल्व्हिन रुंदीच्या उतारावर संवेदक स्थिर ठेवायचा म्हणजे सुतळीवर गोटी उभी करण्यासारखे आहे. त्यातच रोध मोजायचा तर त्यातून प्रवाह सोडावा लागतो आणि त्या प्रवाहाने संवेदक स्वतःच तापतो.

समजा, आपण प्रवाह स्थिर ठेवला. निर्माण होणारी उष्णता I²R असते. काही कारणाने तापमान जरा वाढले की R वाढतो आणि I स्थिर असल्याने I²R सुद्धा वाढतो. म्हणजे उष्णता आणखी वाढते, R आणखी वाढतो आणि पाहता पाहता संवेदक कड्यावरून निसटून साध्या धातूसारखा होतो. आगीत तेल ओतावे तसा हा प्रकार आहे.

आता प्रवाहाऐवजी विभवांतर स्थिर ठेवू. उष्णता V²/R इतकी असते. तापमान वाढले की R वाढतो, पण आता R छेदस्थानी आहे, म्हणून उष्णता कमी होते. संवेदक आपोआप थंड होऊन मूळ जागी येतो. दूध वर येऊ लागताच आपोआप मंद होणारी शेगडी असावी, तशी ही व्यवस्था आहे. हाच ऋण फीडबॅक होय. शिवाय बाहेरून आलेली ऊर्जा विजेच्या उष्णतेत तेवढीच कपात करून भरून निघते. म्हणून प्रवाहातील घट मोजली की आलेली ऊर्जा कळते, आणि संवेदक लवकर पूर्वपदावर येत असल्याने त्याचा वेगही वाढतो.

स्थिर प्रवाहाऐवजी स्थिर विभवांतर, एवढाच हा बदल आहे. केंट अर्विन यांनी १९९५ मध्ये तो मांडला आणि पन्नास वर्षे रखडलेला संवेदक उपयोगी ठरला. I²R आणि V²/R ही दोन सूत्रे आपण वर्गात 'एकच गोष्ट दोन प्रकारे लिहिली' असे म्हणून शिकवतो. गणिताच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण मंडलात काय स्थिर ठेवले आहे, यावर परिणाम पूर्ण उलटा होऊ शकतो, हे या उदाहरणातून विद्यार्थ्यांच्या चांगले लक्षात येईल.

अतिशीत कुपीत स्थिर विभवांतर पुरवायचे कसे? त्यासाठी संवेदकाला समांतर असा फार लहान रोध जोडतात. समजा, संवेदक १ ओहमचा आहे आणि समांतर रोध ०.०३ ओहमचा. बाहेरून स्थिर प्रवाह दिला तर तो जवळजवळ सगळा लहान रोधातून जातो. आता संवेदकाचा रोध १ वरून ०.९ ओहम झाला, म्हणजे १० टक्क्यांनी घटला, असे समजा. समांतर जोडणीचा एकूण रोध ०.०२९१३ वरून ०.०२९०३ ओहम होतो, म्हणजे विभवांतर फक्त ०.३ टक्के घटते. संवेदकातील प्रवाह मात्र जवळपास ११ टक्क्यांनी वाढतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

अतिसूक्ष्म प्रवाहाचा ॲमीटर

दुसरी अडचण वाचनाची होती. कडा-संवेदकाचा रोध १ ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही पुष्कळ कमी असतो आणि प्रवाहातील बदल अतिसूक्ष्म असतो. आपले नेहमीचे ट्रान्झिस्टर प्रवर्धक हजारो-लाखो ओहम रोधाच्या स्रोतांशी चांगले जमवून घेतात. इतक्या लहान रोधाच्या स्रोतापुढे त्यांचा स्वतःचा रव, म्हणजे नको असलेला विद्युत गोंगाट, मूळ संकेताला गिळून टाकतो.

येथे मदतीला आली तीही अतिसंवाहकताच. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये असे भाकीत केले की दोन अतिसंवाहकांमध्ये अतिशय पातळ विद्युतरोधक थर असला तरी विभवांतराशिवाय प्रवाह पार जाऊ शकतो. याबद्दल त्यांना १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. असे दोन सांधे असलेले अतिसंवाहक कडे १९६४ मध्ये अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'स्क्विड' म्हणतात.

कड्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलला की स्क्विडवरील विभवांतर बदलते. म्हणून संवेदकाचा प्रवाह एका बारीक वेटोळ्यातून नेऊन स्क्विडशेजारी चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. प्रवाहाचे चुंबकत्व आणि चुंबकत्वाचे विभवांतर असा हा ॲमीटर आहे. तो स्वतःही अतिशीत असल्याने त्याचा रव अत्यल्प असतो.

मात्र स्क्विडचे वागणे सरळ रेषेत नाही. फ्लक्स वाढत गेला तर विभवांतर वर-खाली होत राहते आणि ठरावीक फ्लक्सनंतर तेच चक्र पुन्हा सुरू होते. हा ठरावीक फ्लक्स म्हणजे फ्लक्सचा पुंज. २.०७ वेबरला १ वर १५ शून्ये इतक्या संख्येने भागल्यावर जे येते, तेवढा तो असतो. तासकाटा नसलेल्या, फक्त मिनिटकाटा असलेल्या घड्याळासारखे हे आहे. काटा कोठे आहे ते कळते, पण किती तास उलटले ते कळत नाही.

यावरचा उपाय पोटेन्शिओमीटरचा प्रयोग केलेल्यांना लगेच पटेल. तेथे आपण काटा किती हलला ते मोजत नाही. तो शून्यावर आणण्यासाठी काय करावे लागले ते मोजतो. येथेही तेच करतात. संवेदकामुळे फ्लक्स बदलू लागला की इलेक्ट्रॉनिक मंडल दुसऱ्या वेटोळ्यातून उलटा प्रवाह सोडून फ्लक्स होता तेथे आणते. किती उलटा प्रवाह द्यावा लागला, हेच आपले मोजमाप. ही दुरुस्ती संकेताच्या वेगाने व्हायला हवी. मंडल मागे पडले तर 'मिनिटकाटा' एक फेरी निसटतो आणि पुढची सर्व मापने एका पुंजाने चुकतात. मंडल वेगवान ठेवणे, पण इतके नव्हे की ते स्वतःच आंदोलने करू लागेल, हा तोल सांभाळणे हेच अभियंत्याचे कौशल्य.

चुंबकीय शेजार

इतका हळवा मापक उघड्यावर ठेवता येत नाही. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. १ चौरस मिलिमीटर क्षेत्रातून त्याचा जो फ्लक्स जातो, तो फ्लक्सच्या सुमारे १९ हजार पुंजांइतका भरतो. स्क्विड तर एका पुंजाचाही अत्यल्प अंश ओळखतो. जवळून लिफ्ट गेली किंवा दुर्बीण आकाशात वळली, तरी त्याला ते जाणवते. म्हणून संवेदकांभोवती म्यू-मेटल या लोह-निकेलयुक्त मिश्रधातूचे आणि अतिसंवाहक धातूचे वेष्टन घालतात.

चुंबकीय शेजाराची ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे नोंदी बिघडणार, हे नानाभाई मूस यांनी ओळखले. अलिबागला अचुंबकीय बांधकामाची नवी वेधशाळा उभारून १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणच्या नोंदींची सांगड घालता यावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली गेली. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचे काम व्यवस्थित चालू होते. मोजण्याआधी शेजार पाहावा, हा धडा तेव्हाचा आणि आजचा एकच आहे.

तारांमधून झिरपणारी उष्णता

येथवर एका संवेदकाचे झाले. पण एक संवेदक म्हणजे चित्रातला एक ठिपका. आकाशाचे चित्र घ्यायचे तर हजारो संवेदक हवेत. मग प्रत्येकासाठी तारांची एक जोडी वापरावी काय?

थोडा हिशोब करू. ०.१ मिलिमीटर व्यासाची, १ मीटर लांबीची तांब्याची तार खोलीच्या तापमानापासून ४ केल्व्हिनपर्यंत नेली, तर तिच्यातून सुमारे १ मिलिवॅट उष्णता आत झिरपते. एका तारेचे काही वाटत नाही. पण १० हजार संवेदकांच्या २० हजार तारा म्हणजे २० वॅट झाले. ४ केल्व्हिनला आजचे नेहमीचे शीतक यंत्र जेमतेम १ ते १.५ वॅट उष्णता बाहेर काढते. आणि संवेदक त्याहूनही खाली, ०.१ केल्व्हिनच्या आसपास असतात. तेथे मायक्रोवॅटचा हिशोब चालतो.

तारा बारीक करता येतात, तांब्याऐवजी मँगॅनिनसारखे उष्णतेचे मंद वाहक वापरता येतात. शेवटच्या टप्प्यात नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारा लावतात. त्या विजेला रोध करत नाहीत आणि उष्णता मात्र फारच कमी वाहून नेतात. धातूत वीज व उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात, पण अतिसंवाहकात जोड्या बांधून फिरणारे इलेक्ट्रॉन उष्णता वाहत नाहीत. तरीही हजारो तारा, त्यांचे हजारो सांधे आणि एकेक सांधा तुटण्याचा धोका शिल्लक राहतोच. म्हणून मूळ प्रश्नच बदलावा लागला. एका तारेवर अनेकांचे बोलणे कसे ऐकायचे?

हजेरी आणि आकाशवाणी

पहिली रीत वर्गातल्या हजेरीसारखी आहे. सर्वजण एकदम बोलले तर काहीच कळत नाही, म्हणून एकेकाचा क्रमांक पुकारायचा. संवेदक पंक्ती आणि स्तंभांत मांडतात व प्रत्येकाला एक छोटा स्क्विड देतात. एका वेळी एकाच पंक्तीतील स्क्विड चालू करतात आणि सर्व स्तंभांवर तेवढ्याच पंक्तीचे संकेत वाचतात. लगेच पुढची पंक्ती. ही फेरी सेकंदाला हजारो वेळा पूर्ण होते. अमेरिकेच्या बोल्डर येथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९९ च्या सुमारास ही पद्धत विकसित झाली.

हवाई बेटांवर मौना केआ पर्वतावरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीत 'स्कुबा-२' नावाचा कॅमेरा आहे. त्याच्या आठ पट्ट्यांपैकी प्रत्येकीवर ३२ स्तंभ व ४० पंक्तींत १,२८० संवेदक आहेत, म्हणजे एकूण १०,२४०. एका पट्टीसाठी १,२८० स्वतंत्र वाटांऐवजी ३२ अधिक ४०, म्हणजे ७२ वाटांवर काम भागते. गुणाकाराचे काम बेरजेवर आले, हे या युक्तीचे मर्म.

याची किंमतही मोजावी लागते. ४० पंक्ती असतील तर प्रत्येक संवेदकाकडे चाळिसाव्या भागाइतकाच वेळ लक्ष दिले जाते. त्यामुळे वाचक मंडलाचा रव ४० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे सहापट वाढतो. वाचकाचा मूळ रव संवेदकाच्या रवापेक्षा पुष्कळ कमी असेल, तरच हा व्यवहार परवडतो.

दुसरी रीत आकाशवाणीची. सर्व केंद्रे एकाच वेळी बोलतात, पण प्रत्येकाची वारंवारता वेगळी असते. येथे प्रत्येक संवेदकाला एक वेटोळे व एक धारित्र जोडून त्याची वारंवारता ठरवून देतात. दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीत २०१७ पासून वापरात आलेल्या कॅमेऱ्यात सुमारे १६ हजार संवेदक आहेत आणि तारांच्या एका जोडीवर ६८ संवेदक बोलतात. त्यांच्या वारंवारता १.६ ते ५.२ मेगाहर्ट्‌झ आहेत, म्हणजे आपल्या रेडिओवरील मध्यम लहरी जेथे संपतात तेथून थोड्या पुढे. १९६५ मध्ये सापडलेल्या वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान जागोजागी अत्यल्प बदलते. ते बदल आणि त्या प्रारणाचे ध्रुवीकरण ही यंत्रणा मोजते.

तरफांचा संवेदक

तिसरी रीत संवेदकालाच बदलून टाकते. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफा असतात. प्रत्येक तरफ आपल्या सुरालाच थरथरते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी असा संवेदक मांडला की जो स्वतःच एक अतिसंवाहक अनुनादी मंडल आहे. प्रकाशकण पडला की इलेक्ट्रॉनांच्या काही जोड्या तुटतात, उरलेल्या जोड्यांवर प्रवाहाचा भार वाढतो आणि मंडलाचे प्रेरकत्व L किंचित वाढते. अनुनादाची वारंवारता √LC च्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती उतरते. L जर ०.०२ टक्के वाढला, तर वारंवारता ०.०१ टक्के घटते. ५ गिगाहर्ट्‌झच्या संवेदकासाठी ही घट अर्धा मेगाहर्ट्‌झ होते आणि ती सहज ओळखता येते.

एका तारेवर असे शेकडो ते हजारांहून अधिक संवेदक बसतात. शीतकक्षात फक्त ती तार आणि एक प्रवर्धक उरतो. बाकीचे सगळे काम बाहेर, खोलीच्या तापमानाला होते. एफपीजीए नावाची, हवी तशी अंतर्गत जोडणी करून घेता येणारी चिप एकाच वेळी शेकडो सूर तयार करून आत पाठवते आणि परत आलेल्या मिश्रणातून प्रत्येक सूर वेगळा करून तो किती बदलला ते सांगते. मोबाइल दळणवळणासाठी वेगवान अंकीय चिपा स्वस्त झाल्या, त्याचा लाभ असा खगोलशास्त्राला मिळाला. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील सायमन्स वेधशाळेत तर कडा-संवेदक आणि हे सूक्ष्मलहरी अनुनादी मंडल या दोन्हींची सांगड घालून ६० हजारांहून अधिक संवेदक वाचण्याची योजना अमलात आली आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

पुंजभौतिकीत न शिरताही यातील बराच भाग वर्गात आणता येतो.

१. विजेचा २३० व्होल्ट, ६० वॅटचा तंतूचा जुना दिवा घ्यावा. होल्डरमधून काढून मल्टिमीटरने त्याचा थंड असतानाचा रोध मोजावा. नंतर V²/P वरून उष्ण रोध काढावा. तो सुमारे ८८२ ओहम येतो. दोन्हींची तुलना करून विचारावे : स्थिर विभवांतरावर हा तंतू तापत गेला तर विजेची उष्णता वाढते की घटते? प्रवाह स्थिर ठेवला असता तर?

२. वर्गातील ४० विद्यार्थ्यांना पाच ओळी व आठ रांगांत बसवावे. प्रत्येकाच्या हातात ० किंवा १ लिहिलेला कागद द्यावा. सर्वांचे आकडे नोंदवायला किती 'तारा' लागतील? ओळीने पुकारल्यास किती लागतील? मध्येच एखाद्याने कागद बदलून पुन्हा होता तसा केला, तर ते कळेल का?

३. मीटर-सेतूचा प्रयोग करताना एकदा संतुलन बिंदू शोधून आणि एकदा गॅल्व्हॅनोमीटरचे विचलन मोजून रोध काढावा. विजेरी थोडी उतरली, तर कोणते उत्तर बदलते आणि का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट सांगता येईल, त्याला स्क्विडचा फीडबॅक कळला असे समजावे. संवेदक कितीही चांगला असला, तरी वाचता आला नाही तर तो नसल्यासारखाच. अँड्रयूज यांच्या टँटलमच्या तारेने हे पन्नास वर्षे दाखवून दिले. प्रयोगशाळेत मापक जोडताना 'तो मंडलात काय बदल घडवतो?' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या शीत संवेदकांनी आपल्याला पुष्कळ काही शिकवले असे म्हणता येईल.